खालच्या आळीचा नमुना

टाकीवाल्याला त्याच्या नावाने हाक मारणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं तो टाकी भरत होता, गावाला पाणी सोडत होता आणि गावाच्या शिव्या खात होता. पाणी आलं तर ते नळाला आलं, नाही आलं तर टाकीवाल्याने सोडलं नाही, असा गावाचा सरळ न्याय होता. लोकांनी त्याच्या बायकोला टाकीवाली केलं आणि मुलाचं लग्न झालं तेव्हा सुनेलाही पहिल्याच दिवशी टाकीवाल्यांची सून करून टाकलं. फक्त खालच्या आळीत एकटी राहणारी त्याची थोरली बहीण त्याला धाकट्या म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेल्या माणसाला ती भर रस्त्यात "ए धाकट्या, इकडे ये" म्हणून बोलवायची आणि तो गुमान जायचा.

घरसुद्धा टाकीचंच होतं. टाकीच्या खांबांमध्ये विटांच्या भिंती घालून पाणी समितीने एक खोली काढून दिली होती. डोक्यावर पन्नास हजार लिटर पाणी आणि खाली चूल, पलंग, दोन ट्रंका. छताला बारमाही ओल. सुनेला सुरुवातीला झोपच लागत नसे, वर पाणी हललं की ती दचकून उठून बसायची. नोकरी आहे तोवर खोली, नोकरी संपली की आठ दिवसांत खोली खाली करायची, असं त्याने सही करून दिलं होतं. मुलगा दूरवर मालट्रक चालवायचा, दोन-दोन महिने फिरकायचा नाही. सुनेला आठवा महिना सरून नववा लागला होता, आणि तिला कुठे न्यायचं म्हटलं तरी दुसरं छप्पर नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर पेटला. विहिरीतलं पाणी रोज वीतभर खाली जाऊ लागलं. रोज पाणी सोडणं बंद झालं. एक दिवस वरची आळी, एक दिवस खालची, तासभर पाणी की पुन्हा वॉल्व्ह बंद. टाकीवाला सकाळी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायचा, ती निवळू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतायचा आणि खालचा चुना लांब फेकून द्यायचा. त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती, आणि पावडरीचा वास त्याच्या नाकाला कधीच कळेनासा झाला होता. मग पाणी सुटलं की तो काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन औषधाचे चार थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की ठीक. पांढरंच राहिलं तर पावडरीचा गुण तिथवर पोचला नाही, असं समजायचं.

वरच्या आळीत पाणी पिवळं व्हायचं. खालच्या आळीत शेवटचा नळ ताईचा, तिथे ते पांढरंच राहायचं.

याचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. खालच्या आळीचा पाइप अध्यक्षांच्या गोठ्याखालून गेला होता. खरं तर पाइप आधी होता, गोठा नंतर आला. अध्यक्ष म्हणजे पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांनी म्हशी वाढवल्या तसा गोठा वाढवत नेला आणि पाइपवर फरशी घातली. खाली कुठेतरी जोड सुटला होता. पाणी चालू असताना ते बाहेर गळायचं, आणि वॉल्व्ह बंद केला की रिकामा होणारा पाइप बाहेरचं आत ओढून घ्यायचा. बाहेर काय होतं ते सांगायला शाळा शिकावी लागत नव्हती, गोठ्यात उभं राहिलं तरी पुरे होतं. रोज पाणी होतं तेव्हा पाइप भरलेला राहायचा, त्यामुळे निभावत होतं. आता तो दीड-दोन दिवस रिकामा पडून राहत होता.

पावडर वाढवावी तर वरची आळी पेले घेऊन दारात उभी राहायची. "अरे, आम्हाला पाणी पाजतोस की औषध? चहा तोंडात धरवत नाही." कमी करावी तर खालच्या आळीला काहीच पोचायचं नाही. मागच्या वर्षी त्याने समितीच्या बैठकीत धीर करून गोठ्याची गोष्ट काढली होती.

"फरशी फोडायची म्हणतोस?" अध्यक्ष म्हणाले होते. "आणि माझ्या म्हशी बांधू कुठे? तुझ्या टाकीखाली?"

सगळे हसले. टाकीवालाही हसला. घरी आल्यावर त्याला स्वतःच्या हसण्याचीच चीड आली, पण तोवर बैठक संपली होती.

आणि आता, उन्हाळा ऐन भरात असताना, नमुन्याचा कागद आला. तपासणी कार्यालयातल्या मॅडम स्वतः तो घेऊन आल्या. ताईच्या नळाचं पाणी त्यांनीच मागच्या आठवड्यात भरून नेलं होतं. कागदावर लाल शिक्का होता: पिण्यास अयोग्य. मॅडम चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, एका खांद्यावर बर्फाची पेटी अडकवलेल्या. त्यांच्याकडे साठ गावं होती आणि त्या सगळीकडे बसने फिरत होत्या.

"गावाला पाणी उकळून प्यायला सांगा, आजपासून," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत दुसरा नमुना. तोही असाच आला तर योजना बंद करावी लागेल. टँकर लावू. आणि चौकशी होईल." मग टाकीवाल्याकडे वळून, "पहिली तुमची. पावडर टाकायचं काम तुमचं आहे ना?"

"पावडर टाकतो मी, मॅडम. पण ते गोठ्या..."

अध्यक्षांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "आमचा जुना माणूस आहे," अध्यक्ष म्हणाले. "करेल सगळं व्यवस्थित. काय रे?"

हात खांद्यावरून निघेना. टाकीवाला म्हणाला, "हो." आणि मॅडम बस चुकू नये म्हणून घाईने गेल्या.

भोंग्यावरून गावाला सांगण्यात आलं. वरच्या आळीने फारसं मनावर घेतलं नाही, त्यांच्याकडे गॅस होता, जमेल तसं त्यांनी उकळलं. खालच्या आळीत सरपणाच्या चुली. त्या पंधरा दिवसांत खालच्या आळीच्या बायका काट्याकुट्या वेचून हैराण झाल्या. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले. टाकीवाला एक दिवसाआड तिच्या अंगणात लाकडं फोडून टाकायचा. ताई चुलीपुढे फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची.

"माणसाने पाणीसुद्धा शिजवून प्यायचे दिवस आले," ती म्हणायची. "उद्या वारा भाजून घ्यायला सांगतील."

अकराव्या दिवशी बसच्या कंडक्टरने एक खोकं आणून दिलं. आत कागदात गुंडाळलेली निर्जंतुक बाटली, बर्फासाठी पेटी आणि मॅडमची चिठ्ठी: यायला जमत नाही, नियमाप्रमाणे पाळीच्या दिवशी नमुना घेऊन त्याच संध्याकाळच्या आत पाठवावा.

त्याच दुपारी अध्यक्ष टाकीच्या खोलीत आले. बावीस वर्षांत ते पहिल्यांदाच त्या खोलीच्या आत येत होते. बायकोने गडबडीने पलंगावरचे कपडे उचलले, पण ते पालथ्या बादलीवरच बसले. छताकडे पाहिलं, ओलीकडे पाहिलं, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं.

"दिवस भरत आले वाटतं?"

"पुढच्या पंधरवड्यात सांगितलंय," बायको म्हणाली.

"हं. अशा दिवसांत कुणाला बिऱ्हाड हलवायला लागू नये." अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाटली आली म्हणे."

"आली," टाकीवाला म्हणाला.

"मी काय सांगू तुला? नमुने भरण्यात तुझी हयात गेली." ते उठले. "पाऊस लागला की बघू पाइपचं. म्हशी तेव्हा बाहेर चरायला असतात."

पुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच. एवढ्या मवाळ आवाजात त्यांनी त्याच्या घराचं दार उघडूनही दाखवलं आणि लावूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीची पाळी होती. टाकीवाला ताईच्या अंगणात गेला, तेव्हा आळीतल्या चार-पाच बायका आधीच जमलेल्या. नमुना घेणं हा त्यांना तमाशाच वाटायचा, आणि तो घ्यायचाही देवपूजा करावी तसा. हात साबणाने धुतले. नळाची तोटी पुसली. काडीला स्पिरिटचा कापूस गुंडाळून पेटवला आणि तोटीला ज्योत लावून धरली, तोटी चरचरेपर्यंत. मग पाणी मोठं सोडून दोन मिनिटं वाहू दिलं. बाटलीचं झाकण चिमटीत धरून, आतल्या बाजूला बोट न लावता, बाटली भरली. थोडी जागा मोकळी ठेवली. झाकण घट्ट केलं, चिठ्ठी डकवली.

"बघा गं," ताई बायकांना म्हणाली, "लहानपणी याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं."

सगळ्या हसल्या. शेजारची शिलाईवाली, जिची चार वर्षांची मुलगी दिवसभर ताईच्या ओट्यावरच खेळायची, ती म्हणाली, "दादा, या वेळी तरी चांगलं येऊ द्या हो. सरपण आणता आणता शिलाई राहते." तो मान हलवून बाहेर पडला.

घरी येऊन त्याने दार लोटून घेतलं. बाटली उघडली. ताईच्या नळाचं पाणी मोरीत ओतलं. सुनेसाठी उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. त्याने झाकण बाजूला केलं आणि त्यातून बाटली भरली.

बायको चुलीपाशी बसली होती. तिने पाहिलं.

"अहो, हे काय?"

"गप्प बस."

"आणि उद्या ताईंनी ते पाणी प्यायचं?"

"पाऊस लागेपर्यंतचा प्रश्न आहे. मग पाइप बदलणार आहेत."

"असं म्हणाले ते?"

अध्यक्ष 'बघू' म्हणाले होते. बाटलीभोवती बर्फ भरून टाकीवाल्याने पेटी बंद केली आणि तीनच्या बसवर चढवली.

आठ दिवसांनी कागद आला. पिण्यास योग्य. अध्यक्षांनी तो समितीच्या दाराला चिकटवला, वर पारदर्शक पट्टी मारली आणि भोंग्यावरून तीन वेळा वाचायला लावला. त्या संध्याकाळी खालच्या आळीत पाणी तापवायच्या चुली पेटल्या नाहीत.

टाकीवाल्याच्या घरी मात्र चूल चालू राहिली. "सुनेला नळाचं देऊ नकोस," त्याने बायकोला बजावलं, "आणि तूही पिऊ नकोस."

"ताईंना सांगितलंत?"

"सांगतो."

तो दुसऱ्याच दिवशी गेला, खरोखर सांगायचं ठरवून गेला. वाटेत शब्दही जुळवले. पण ताईच्या ओट्यावर शिलाईवाली बसलेली, आणखी दोघी उभ्या. तो दिसताच ताईने त्याच्या हातावर साखर ठेवली. "घे. आळीची कटकट मिटवलीस. माझे डोळे वाचवलेस बघ."

साखर हातात चिकटत होती. तो म्हणाला, "ताई, तू आपलं अजून थोडे दिवस उकळतच जा."

"का रे? कागद आला ना?"

शिलाईवालीने मान वर केली. टाकीवाल्याने तिच्याकडे पाहणं टाळलं.

"कागद आलाय. कागद चांगलाच आहे. तुझं आपलं वय झालंय म्हणून."

"बघा!" ताई बायकांकडे वळली. "पाठचा भाऊ मला म्हातारी म्हणतोय. अरे, तुला काखेत मारून मी दोन कोस चालत जात होते." बायका हसल्या आणि तोही हसला. समितीच्या बैठकीत हसला होता तसाच. बायका निघून जातील, मग बोलू, म्हणून तो थोडा वेळ थांबला. त्या काही गेल्या नाहीत. मोटार बंद करायची वेळ झाली होती. उद्या येऊन सांगू असं स्वतःला बजावत तो निघाला. दुसऱ्या दिवशी मोटार जळाली आणि दोन दिवस तो विहिरीच्या कठड्यावरच होता. तिसऱ्या दिवशी, आता उशीर झालाच आहे आणि काही झालंही नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. माणसाचं मन अशा वेळी त्याला लागेल ते पुरवतं.

सहाव्या दिवशी खालच्या आळीतली दोन मुलं आजारी पडली. उलट्या आणि जुलाब. उन्हाने झालं असेल, लोक म्हणाले. सातव्या दिवशी सात जण. शिलाईवालीची मुलगी त्यांत होती.

शिलाईवाली भर उन्हात टाकीपाशी आली. मुलीला सारखी तहान लागत होती आणि घरातलं पाणी संपलं होतं, म्हणून कळशी घेऊन आली होती. टाकीवाला बाहेर वॉल्व्हचं झाकण घट्ट करत होता. ती सरळ दारात गेली आणि तिथेच थबकली. चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. भिंतीशी झाकलेली तीन पातेली गार होत होती. सून पलंगावर होती, आणि टाकीवाली स्वतः त्यातल्याच एका पातेल्यातून पाणी पीत होती.

"तुम्ही अजून उकळता?"

"सुनेसाठी," टाकीवाली म्हणाली. "बाळंतपणाचं आहे ना."

शिलाईवालीने तीन पातेली पाहिली. मग टाकीवालीच्या हातातला पेला पाहिला. बाहेर येऊन ती टाकीवाल्याच्या समोर उभी राहिली. तो ओंडक्यावर बसून वॉल्व्हची भलीमोठी चावी पुसत होता.

"दादा, गावात फक्त तुमच्याच घरी पाणी उकळतंय."

तो चावी पुसत राहिला. ती आणखी काही बोलेल, शिव्या देईल, कळशी फेकून मारेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिने कळशी त्याच्या बायकोपुढे धरली, गार झालेलं पाणी तीत भरून घेतलं आणि आल्या वाटेने परत गेली. घरी पोचली तेव्हा ताई तिला ओट्यावर आडवी पडलेली दिसली. तिच्या अंगातला सगळा जोर निघून गेला होता आणि तरी ती म्हणत होती, "मला काही झालेलं नाही, आधी पोरीला पाज."

तालुक्याच्या दवाखान्यात बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि नऊ जणी. खालच्या आळीचे आता अकरा झाले होते. लहान मुलं सलाईनवर तरारू लागली होती, ताई मात्र उतरत चालली. दोनच दिवसांत तिचे गाल आत गेले, हातांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी टाकीवाल्याला बाजूला घेतलं.

"लघवी थांबली आहे. मूत्रपिंडांनी काम सोडलंय. शहरात न्यायचं तर वाटेत काही होऊ शकतं. वय पाहता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ."

तो खाटेपाशी येऊन खाली फरशीवर बसला. ताईने डोळे उघडले. शेजारच्या खाटेवर शिलाईवालीची मुलगी झोपली होती, तिची आई औषध आणायला गेली होती.

"धाकट्या," ताई अगदी हळू म्हणाली, "बाटलीत काय भरलं होतंस रे?"

तो तिच्या चादरीचं टोक सारखं करत राहिला.

"शिलाईवालीने सांगितलं मला, तुझ्या घरच्या पातेल्यांचं. तिला वाटतं तू मुद्दाम आम्हाला मारलंस. मी म्हटलं, तो घाबरट आहे, पापी नाही."

त्याला रडू कोसळलं. तोंडात मूठ घालून त्याने ते दाबलं. मग सगळं सांगितलं: गोठा, अध्यक्ष, बादली, पातेलं. साखर हातावर ठेवलीस तेव्हा सांगणार होतो, हेही सांगितलं. ताई ऐकत होती. तिला राग आला असता तर त्याला सोसलं असतं. ती विचार करत होती, आणि ते सोसवत नव्हतं.

"सुनेचे दिवस भरलेत," ती शेवटी म्हणाली. "या दिवसांत खोली जाऊन चालणार नाही."

दहाच्या सुमाराला मॅडम आल्या. खांद्यावर तीच पेटी, हातात जाड वही. मागोमाग अध्यक्ष, इस्त्रीच्या कपड्यांत. मॅडमनी एकेकीला विचारायला सुरुवात केली. कधीपासून त्रास, काय खाल्लं, पाणी कुठलं. त्या ताईच्या खाटेपाशी आल्या, तेव्हा ताईने स्वतःच हात वर केला.

"माझं लिहा. माझ्यामुळेच झालं हे सगळं."

मॅडम वाकल्या. "काय म्हणालात आजी?"

"सरबत केलं होतं मी, लिंबाचं. आळीतल्या सगळ्या पोराबाळांना पाजलं. नळाची पाळी नव्हती त्या दिवशी. ओढ्याच्या डबक्यातलं पाणी घेतलं. वाटलं, काय होतंय." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "नळाचं पाणी चांगलं आहे. माझा भाऊ सोडतो ते."

टाकीवाला तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहत राहिला. जिला उंबरठा ओलांडायला काठी लागायची, ती ओढ्यावर जाऊन पाणी आणणार होती! पण मॅडमना तिचे गुडघे ठाऊक नव्हते. त्या भराभर लिहीत होत्या.

"ऐकलंत ना मॅडम?" अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. "मी कालपासून तेच म्हणतोय, आपल्या योजनेचा संबंध नाही. म्हातारी माणसं, माया करायला जातात आणि असं होऊन बसतं. कुणाला दोष देऊन उपयोग नाही."

शिलाईवाली औषधाची बाटली घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मुलीच्या उशाशी गेली आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवून विचारलं, "आजीने सरबत दिलं होतं का ग तुला?"

ताई त्या मुलीला रोजच काही ना काही द्यायची. तापाने मलूल झालेल्या मुलीने मान हलवली. हो.

शिलाईवालीने ताईकडे पाहिलं. काल याच ताईच्या पायांशी बसून तिने तळवे चोळले होते. आता तिने मुलीची खाट दोन्ही हातांनी धरली आणि ताईच्या खाटेपासून हातभर लांब ओढली. लोखंडी पाय फरशीवर किंचाळले. खोलीतल्या सगळ्या बायका पाहू लागल्या. ताईने डोळे मिटून घेतले.

टाकीवाल्याची खोली वाचली होती, नोकरी वाचली होती. गावात इथून पुढे जन्मभर सांगितलं जाणार होतं, की एका म्हातारीने घाणेरडं पाणी पाजून आळी आजारी पाडली. आणि वॉल्व्ह उघडला की गोठ्याखालून तेच पाणी पुन्हा जाणार होतं.

अध्यक्ष गाडी सुरू करायला गेले. मॅडम व्हरांड्यात बाकावर बसून वही पुरी करत होत्या. टाकीवाला त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ते खोटं आहे."

"काय?"

"सरबताचं. तिला चार पावलं चालवत नाही, ती ओढ्यावर कुठली जाते. आणि मी पाठवलेला नमुनाही खोटा आहे. घरचं उकळलेलं पाणी होतं ते."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं, गोठ्याची फरशी कुठे फोडावी लागेल ते अगदी पावलं मोजून सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर ते इतकं सोपं निघालं, की त्याला स्वतःचीच किळस आली.

"मी हे लिहिलं तर तुमची नोकरी आजच जाईल," मॅडम म्हणाल्या. "गुन्हा दाखल होईल, तो वेगळा. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"घरी कोण कोण आहे?"

त्याने सांगितलं.

"नमुना घ्यायला मीच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तीन गावं होती." याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी लिहिलेलं पान आडव्या रेघेने खोडलं आणि नवीन पान उघडलं. "सगळं पुन्हा सांगा. सावकाश. झालं की सही लागेल."

त्याने पुन्हा सांगितलं. मॅडम लिहीत आहेत तोवर आत जाऊन येतो, असं म्हणून तो ताईपाशी गेला. शिलाईवाली पाठ करून बसली होती. तिला खरं काय ते सांगावंसं त्याला वाटलं, पण ताईदेखत ते सांगता येत नव्हतं.

ताई जागीच होती. "गेली का ती बाई?"

"बाहेर आहे. निघालीच."

"मी सांगितलं तसंच लिहिलं ना तिने?"

टाकीवाल्याने तिचा हात हातात घेतला. तो वाळल्या पानासारखा हलका लागला.

"तसंच लिहिलं, ताई."

"तुला वाचून दाखवलं?"

"दाखवलं."

"मग झालं." तिने सुस्कारा टाकला. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. "सुनेचं तिथेच होऊ दे, टाकीखाली. गारवा असतो, बाळाला बरं पडेल."

"हो."

"आणि असा रडका चेहरा करून फिरू नकोस. लोकांना संशय येतो."

"नाही फिरत."

"शहाणा माझा," ती म्हणाली, आणि हात त्याच्या हातात तसाच ठेवून तिचा डोळा लागला. श्वास वरवर चालला होता. तो तिच्या छातीकडे पाहत बसला.

दारात शिपाई आला. "टाकीवाले कोण? मॅडम सहीला बोलावतात."

टाकीवाल्याने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. ताईचा हात अलगद चादरीवर ठेवला. मग तिची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच तो सही करायला बाहेर गेला.